उधारीची वही आणि डॉक्टर रे

२०२५ च्या एक जूनला हडसन्स बे कंपनीची कॅनडातली सगळी दुकानं कायमची बंद झाली तेव्हा आमच्या शेजारच्या आजींनी कपाटातून त्यांचं जुनं ब्लँकेट काढून दाखवलं. पांढरं लोकरीचं, जाडजूड, त्यावर हिरवा लाल पिवळा निळा असे चार पट्टे. कॅनडात राहणाऱ्या कुणालाही हे पट्टे लगेच ओळखू येतात. पण आजींनी मला पट्टे नाही दाखवले, काठाजवळ विणलेल्या बोटभर लांबीच्या गडद निळ्या रेघा दाखवल्या आणि म्हणाल्या ह्या मोज. साडेतीन होत्या. म्हणजे तीन पूर्ण आणि एक अर्धी. पुष्कळ लोकांना वाटतं की ती किंमत होती, एवढ्या बीव्हरच्या कातड्या द्या आणि ब्लँकेट घ्या, पण तसं नाहीये, ती साइज आहे. घडी न उघडता गठ्ठ्यातून हवं ते ब्लँकेट ओढता यावं म्हणून.

मला ते बघून अण्णाच आठवले एकदम. पारोळ्याला आमचं किराणा दुकान होतं, माझं लहानपण त्या दुकानाच्या ओट्यावरच गेलं, आणि अण्णांच्याही अशाच खुणा असायच्या, पोत्याच्या तोंडाला कुठल्या रंगाची सुतळी त्यावरून आत कुठला तांदूळ ते कळायचं. दुकानदार जगात कुठेही जा, त्याचं डोकं सारखंच चालतं बहुतेक.

तर त्या ब्लँकेटपासून सुरुवात झाली आणि मी ह्या कंपनीबद्दल वाचत सुटलो, आणि वाचता वाचता मला ह्याच कंपनीतले डॉक्टर जॉन रे भेटले. आज त्यांच्याबद्दल लिहायचंय. मी कॅनडातल्या हॅमिल्टनला राहतो, आणि हा माणूस १८५७ नंतर काही वर्षं ह्याच हॅमिल्टनमध्ये राहून डॉक्टरकी करत होता हे मला नऊ वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

आधी कंपनीचं थोडं सांगतो. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली त्याच राजाने दोन वर्षांनी, २ मे १६७० ला, लंडनच्या काही लोकांना सनद लिहून दिली की हडसन बे ह्या उपसागराला ज्या ज्या नद्या मिळतात त्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यातला व्यापार तुमचा. तो प्रदेश केवढा आहे हे राजाला माहीत नव्हतं, सनद घेणाऱ्यांनाही नव्हतं, आणि जे क्री आणि डेने आणि इनुइट लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते त्यांना तर कुणी विचारलंच नाही. माल काय तर फर, आणि त्यातही मुख्य बीव्हर. हा पाण्यात राहणारा, झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी, त्याच्या वरच्या राठ केसांच्या खाली एक मऊ दाट लव असते, तिचा नमदा करून युरोपात हॅट बनायच्या. हॅटची फॅशन होती म्हणून अर्धा खंड पायाखाली घातला गेला, हे अगदी खरंय.

जॉन रे १८१३ साली स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जन्मले. त्यांचे वडील एका जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार बघायचे आणि नंतर कंपनीचे तिथले एजंटही झाले. कंपनीची जहाजं कॅनडाला जाताना ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेस बंदरात थांबायची, पाणी भरायची आणि तिथलीच माणसं नोकरीला घेऊन पुढे जायची, कारण ऑर्कनीच्या पोरांना थंडी, वारा आणि होडी ह्या तिन्हीची सवय. रे एडिंबराला डॉक्टरकी शिकले आणि १८३३ मध्ये, वयाची विशी गाठता गाठता, कंपनीच्या जहाजावर सर्जन म्हणून चढले. एका सीझनपुरतं जाऊन परत यायचं होतं. पण परतीच्या वाटेवर बर्फाने रस्ता अडवला, जहाजाला मागे फिरून जेम्स बेमधल्या चार्लटन बेटावर हिवाळा काढावा लागला आणि खलाशांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, माणूस बसल्या जागी खचत जातो. तेव्हा ह्या कोवळ्या डॉक्टरने बर्फाखाली दबलेल्या क्रॅनबेरी उकरून काढून लोकांना खायला घातल्या. मग मूस फॅक्टरी ह्या ठाण्यावर कंपनीने त्यांना विचारलं राहतोस का, आणि ते राहिले. दहा वर्षं.

फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे बरं का, फॅक्टर म्हणजे कंपनीचा मुनीम, तो जिथे राहतो ती फॅक्टरी, आपल्याकडे इंग्रजांची सुरतेला वखार होती ना, तसलंच.

ही दहा वर्षं बहुतेक ठिकाणी दोन ओळीत उरकलेली असतात कारण सगळ्यांना पुढची शोधमोहीम सांगायची घाई असते. मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. रे तिथे डॉक्टर होते आणि डॉक्टरकीबरोबर व्यापाराचं कामही त्यांच्याकडे होतं. आणि तो व्यापार चालायचा उधारीवर! हिवाळ्याच्या आधी शिकारी यायचे, बंदुकीची दारू, छरे, केटली, ब्लँकेट, कुऱ्हाड असं सगळं उधार घेऊन जंगलात जायचे आणि वसंतात बर्फ वितळला की फर घेऊन यायचे आणि खातं चुकतं करायचे. हिशोब पैशात नसायचा, तो असायचा ‘मेड बीव्हर’ मध्ये, म्हणजे पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं हिवाळ्यात मिळवलेलं, नीट ताणून वाळवलेलं एक चांगलं कातडं म्हणजे एक. बाकी सगळ्या प्राण्यांची कातडी आणि दुकानातला सगळा माल त्याच मापात.

आता मला सांगा, पारोळ्यात ह्यापेक्षा वेगळं काय होतं? जूनमध्ये पेरणीच्या वेळी शेतकरी यायचा, तेल, मीठ, साखर, चहा, पोरांच्या वह्या, सगळं लिहून न्यायचा आणि दिवाळीनंतर कापूस विकला की येऊन वही पुसायचा. अण्णांकडे लाल कापडात बांधलेली लांबट वही होती. मी एकदा विचारलं होतं की अण्णा हे देतीलच कशावरून, कुठे सही नाही काही नाही. ते म्हणाले सही कशाला पाहिजे, त्याचं बोलणं मी ऐकलंय ना. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला समोरच्याच्या बोलण्यातला खरेपणा कळतो, कोण वाढवून सांगतोय, कोण लपवतोय, कोण ऐकीव सांगतोय आणि कोण डोळ्याने बघितलेलं. माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर उभं आहे की डॉक्टर रे हे आधी असे गल्ल्यावर बसलेले माणूस होते.

आणि शिकायची तयारी तर इतकी की वाचताना मला भरून आलं. क्री लोकांकडून ते स्नोशूजवर चालायला शिकले. लाकडी चौकट, आत कातड्याच्या वाद्यांचं जाळं, पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाही. कंपनीच्या गव्हर्नर सिम्पसनने त्यांना उत्तरेचा उरलेला किनारा नकाशावर आणायचं काम दिलं तेव्हा त्यांना सर्व्हे येत नव्हता, तर तो शिकण्यासाठी ते आधी रेड रिव्हरला, म्हणजे आजच्या विनिपेगला गेले, तिथला शिक्षक आजारी पडला म्हणून भर हिवाळ्यात दोन महिने चालत सुमारे १२०० मैल तुडवून सू सेंट मरीला आणि तिथून पुढे टोरांटोला. शिकायला! आज तो रस्ता गाडीने करायचा म्हटलं तरी आम्ही दोन मुक्काम धरतो.

१८४६ मध्ये दहा माणसं आणि दोन होड्या घेऊन ते रिपल्स बेला गेले, ज्याला आता नाउयात म्हणतात. तिथे झाड नाही. एकही नाही. त्यांनी दगडाचं घर बांधलं, नाव ठेवलं फोर्ट होप, आणि जमिनीलगत उगवणारी खुरटी झुडपं वाळवून त्यावर स्वयंपाक केला. पण ते दगडी घर भयंकर थंड, आणि शेजारी इनुइट कुटुंबं बर्फाच्या घरात आरामात. रे बघत राहिले, मग शिकले, मग स्वतः बांधायला लागले. त्यांचं लॉजिक एकदम दुकानदारी होतं: तंबू रोज वाहून न्यावा लागतो, आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि तंबू दिवसागणिक जड होत जातो, उलट बर्फाचं घर संध्याकाळी तासाभरात उभं राहतं, ओझं शून्य, आणि परतीच्या वाटेवर तेच घर पुन्हा वापरायला तयार.

स्लेजचंही तसंच. स्लेजच्या खालच्या पट्ट्या कोरड्या बर्फावर वाळूवर घासाव्या तशा घासतात, तर इनुइट लोक त्यावर ओल्या शेवाळ्याचा आणि मातीचा थर लिंपतात, तो दगडासारखा गोठला की तोंडात पाणी घेऊन त्यावर फुंकर मारून फवारतात आणि हाताने फिरवतात, की काचेसारखा गुळगुळीत बर्फाचा पातळ मुलामा तयार. मग तेच ओझं निम्म्या ताकदीत सरकतं. वरून कुठे खडकावर आपटून तुकडा निघाला तर पुन्हा तोंडात पाणी घ्यायचं आणि लिंपायचं. रे ह्यांनी हे सगळं केलं, आणि अख्खा हिवाळा शिकारीवर आणि माश्यांवर काढून, ६०० मैलांच्या वर नवा किनारा आखून, सगळी माणसं जिवंत परत आणली. झाडाच्या रेषेच्या वर असा हिवाळा तोवर कुठल्या युरोपीय तुकडीने काढलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८४५ मध्ये, सर जॉन फ्रँकलिन दोन आरमारी जहाजं घेऊन, एरेबस आणि टेरर, वायव्य मार्ग, म्हणजे अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेने पॅसिफिकला जाणारी समुद्रवाट, शोधायला निघाले होते. तीन वर्षांचं अन्न, हजारावर पुस्तकं, अधिकाऱ्यांचे चांदीचे चमचे, आणि १२९ माणसं. त्यातलं कुणीही परत आलं नाही. मग त्यांना शोधायला जहाजांमागून जहाजं गेली. रे पण गेले, आधी सर जॉन रिचर्डसन ह्यांच्याबरोबर १८४८ मध्ये, मग एकटे नेतृत्व करत. १८४९ मध्ये कॉपरमाइन नदीवर ब्लडी फॉल्सजवळ होडी गेली आणि अल्बर्ट वन-आय हा तरुण इनुइट दुभाषा बुडाला. रे ह्यांच्या हाताखाली गेलेला हा एकमेव माणूस. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया आयलंडच्या किनाऱ्यावर त्यांना दोन लाकडं सापडली, एकाला दोरी होती आणि दोरीत लाल धागा होता, म्हणजे ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ते समोरच्या किंग विल्यम बेटाकडे जायला बघत होते, बर्फाने जाऊ दिलं नाही. त्याच बाजूच्या समुद्रात ती जहाजं होती.

आणि मग १८५४ चा एप्रिल. रे ह्या वेळी फ्रँकलिनना शोधत नव्हतेच, ते कंपनीसाठी किनाऱ्याचा उरलेला तुकडा आखायला आले होते. पेली बेजवळ त्यांना एक इनुइट माणूस भेटला, इन-नूक-पू-झी-जूक त्याचं नाव, आणि त्याच्या डोक्याला सोनेरी पट्टी होती. आरमारी अधिकाऱ्याच्या टोपीची. रे ह्यांनी विचारलं ही कुठून आली. तो म्हणाला जिथे गोरे लोक उपाशी मेले तिथून. रे ह्यांनी ती पट्टी तिथल्या तिथे विकत घेतली आणि सांगितलं असलं काही कुणाकडे असेल तर रिपल्स बेला घेऊन या, मी घेईन.

लोक आले. चमचे आणले, काटे आणले, त्यावर अधिकाऱ्यांची चिन्हं आणि आद्याक्षरं कोरलेली. फ्रँकलिन ह्यांचं नाव कोरलेली चांदीची छोटी प्लेट आणली, त्यांचं मानचिन्ह आणलं. आणि हकीगत सांगितली: चार हिवाळ्यांपूर्वी सुमारे चाळीस गोरे एक होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसले होते, खंगलेले होते, त्यांनी आमच्या लोकांकडून सीलचं मांस घेतलं. नंतर त्याच वर्षी मोठ्या नदीच्या मुखाजवळ तीसेक प्रेतं दिसली आणि जवळच्या बेटावर पाच. आणि प्रेतांची अवस्था आणि केटल्यांमध्ये जे उरलं होतं ते बघून कळत होतं की शेवटी शेवटी माणसांनी मेलेल्या माणसांचं मांस खाल्लं.

रे ह्यांनी हे ऐकलं, दुभाषा विल्यम उलिगबक तरुण होता, त्याच्यामार्फत पुन्हा पुन्हा उलटसुलट विचारलं, वेगवेगळ्या माणसांना विचारलं, आणि त्यांना ते पटलं. सांगणाऱ्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं, दुसऱ्यांकडून कळलेलं होतं, हे सुद्धा रे ह्यांनी लपवलं नाही. पण सगळ्यांचं सांगणं जुळत होतं आणि वस्तू समोर होत्या. मला इथे अण्णाच दिसतात, वही मांडीवर, चष्मा कपाळावर, समोरचा बोलतोय आणि ते नुसते ऐकतायत.

ते ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला पोचले, घाई ह्यासाठी की इतर जहाजं चुकीच्या ठिकाणी शोधत असतील आणि अजून माणसं मरतील. अॅडमिरल्टीला, म्हणजे आरमाराच्या मुख्य कचेरीला, लिहिलेला त्यांचा रिपोर्ट २३ ऑक्टोबर १८५४ ला लंडनच्या टाइम्समध्ये छापून आला आणि आभाळ कोसळलं. फ्रँकलिन ह्यांच्या पत्नी, लेडी फ्रँकलिन, संतापल्या. चार्ल्स डिकन्स, हो तेच, त्यांनी आपल्या साप्ताहिकात डिसेंबरमध्ये दोन मोठे लेख लिहिले की इंग्रज आरमारातली माणसं असं करूच शकत नाहीत, रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास कसला, उलट त्या इनुइट लोकांनीच त्यांना मारलं नसेल कशावरून. डिकन्स ह्यांनी गरिबांसाठी आयुष्यभर लिहिलं हे मला माहीत आहे आणि म्हणूनच मला त्या लेखांचा जास्त राग येतो. ज्यांना ते कधी भेटले नाहीत त्यांना त्यांनी खोटारडे आणि खुनी ठरवून टाकलं. रे ह्यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं. ते काही लेखक नव्हते, पण त्यांनी सरळ सांगितलं की ह्या लोकांमध्ये मी राहिलोय, मी त्यांना ओळखतो.

एक शब्द मागे घेतला असता तरी भागलं असतं. माझा गैरसमज झाला असेल एवढं म्हणाले असते तर सर झाले असते कदाचित. नाही म्हणाले.

पुढचं पटकन सांगतो. १८५६ मध्ये सरकारने जाहीर केलेलं १०,००० पौंडांचं बक्षीस मिळालं, त्यातले २,००० त्यांच्या माणसांना गेले. कंपनीतून निवृत्ती घेतली. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉक ह्यांच्या मोहिमेला किंग विल्यम बेटावर सांगाडे आणि एक चिठ्ठी सापडली, त्यांना सर किताब मिळाला. फ्रँकलिन ह्यांचा लंडनमध्ये पुतळा उभा राहिला, वायव्य मार्गाच्या शोधाचं श्रेय देणारा. रे ह्यांना किताब नाही. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ही, त्याच १८५४ च्या वसंतात रे ह्यांनी किंग विल्यम हे बेट आहे आणि त्याच्या पूर्वेने पाण्याची वाट आहे हे शोधलं होतं, आज तिला रे सामुद्रधुनी म्हणतात, आणि नॉर्वेचे अमुंडसेन १९०३ ते १९०६ मध्ये पहिल्यांदा वायव्य मार्ग पार करून गेले ते तिथूनच.

१८९३ मध्ये रे लंडनला वारले. त्यांना ऑर्कनीत कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कथीड्रलच्या आवारात पुरलंय. आतल्या स्मारकाचा फोटो मी किती वेळा बघितलाय. पांघरूण घेऊन झोपलेला माणूस, शेजारी बंदूक आणि पुस्तक. मुक्कामावर जसे झोपत असतील तसे. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांच्या नावाचा दगड बसायला २०१४ उजाडलं.

आणि त्याच २०१४ मध्ये एरेबस सापडलं, २०१६ मध्ये टेरर. एरेबस त्याच भागात होतं जिथे इनुइट आज्या-आजोबा पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की एक मोठं जहाज बुडालंय. टेररचा पत्ता ‘जो हेवन’ ह्या गावच्या सॅमी कॉगविक ह्यांनी दिला, मासेमारीला जाताना त्यांनी बर्फातून वर आलेलं लाकूड बघितलं होतं. हाडांचं म्हणाल तर १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी बेटावरच्या हाडांवर सुरीच्या खुणा असल्याचं छापलं, आणि २०२४ मध्ये डीएनएवरून त्यातला एक जबडा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स ह्यांचा, एरेबसच्या कप्तानाचा, असल्याचं कळलं. त्या जबड्यावर सुद्धा सुरीच्या खुणा होत्या. ऐकलेलं सगळं खरं निघालं, १७० वर्षांनी.

हे सगळं मी मागच्या रविवारी अण्णांना फोनवर सांगितलं. वय ८१ आहे, कान जरा कमी झालेत, त्यामुळे मोठ्याने सांगावं लागतं. दुकान बंद होऊन आता खूप वर्षं झाली पण उधारीची गोष्ट आली की ते लगेच सावरून बसतात हे फोनवर सुद्धा कळतं. मधे एकदा म्हणाले, “चमचे दाखवले ना त्याने? नाव कोरलेले? मग अजून काय पाहिजे होतं त्यांना?” मी म्हटलं त्यांना सांगणारा माणूस वेगळा पाहिजे होता अण्णा.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “त्या टोपीच्या पट्टीवाल्याचं नाव काय म्हणालास?”

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही नीट. मी एकेक अक्षर तोडून सांगितलं, इन, नूक, पू, झी, जूक. त्यांनी म्हणून बघितलं, मधलं झी राहिलं. मी परत सांगितलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं.